वडिलांना ‘अटॅक’ आला होता?

वडील किंवा भावाला 55च्या आत, आई किंवा बहिणीला 65च्या आत हृदयविकार झाला असेल, तर आपल्यालाही धोका आहे असं धरूनच चालावं. पण तो अटळ नाही. 2016 सालच्या 55 हजारांवर लोकांच्या अभ्यासात जनुकीय धोका सर्वाधिक असलेल्यांचीही पाहणी झाली. नियमित व्यायाम, चौरस आहार, आटोक्यातलं वजन, धूम्रपान नाही, यांतल्या किमान तीन गोष्टी पाळणाऱ्यांत हृदयविकाराचं प्रमाण 46 टक्क्यांनी कमी दिसलं. ही माणसं अमेरिका-स्वीडनची. आकडा जसाच्या तसा हिंगोलीला लावू नये, दिशा मात्र तीच.

‘शेतात राबतो, व्यायाम कशाला?’ वसमतकडे हळद काढणीच्या दिवसांत हे खरंच. एरवी मात्र टपरीवर चहाला जायलाही मोटारसायकल निघते! आठवड्याला 150 मिनिटं भरभर चाला: दम लागावा, पण बोलता यावं.

कोलेस्टेरॉल जन्मतःच फार वाढवणारा एक आनुवंशिक आजार आहे. आई-वडिलांपैकी एकाला असला, तर प्रत्येक अपत्याला तो होण्याची शक्यता 50 टक्के. तिथे नुसत्या चालण्याने भागत नाही, गोळ्या लागतातच. चालताना छातीत दडपण आलं, तर तिथेच थांबा आणि लगेच दवाखाना गाठा.