हंगाम संपला, यंत्र नीट ठेवा



बाजरी-सोयाबीन घरात आले, रब्बीची ज्वारी उगवून आली, की ग्रास कटर आणि पेट्रोलवरचा फवारणी पंप कोपऱ्यात जातो. तो बाहेर निघतो एकदम मृगाला.

मागच्या मृगात अशाच एका वस्तीवर गेलो होतो. दोरी ओढून धन्याचे दंड भरून आले, पण ग्रास कटर चालू होईना. कार्बोरेटर उघडला, तर आत राळेसारखा चिकट थर. टाकीत आठ महिन्यांचे पेट्रोल तसेच होते. घरधनीण म्हणाली, "साहेब, मजुरी वाचावी म्हणून मशीन घेतलं. आता मजुरीही द्यायची आन् दुरुस्तीही."

असे का होते? पेट्रोल साठून राहिले की उडून जाते व मागे चिकटा राहतो. शिवाय आता पेट्रोलमध्ये इथेनॉल असते. २०२५ साली हे प्रमाण देशात २० टक्क्यांवर गेले. १९५० साली प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा करणाऱ्या आपल्या जिल्ह्याला इथेनॉल परके नाही. आपल्या उसाला त्याने मागणी आणली, हे चांगलेच. पण इथेनॉल हवेतील ओल शोषते. ओल फार झाली की पाणी व इथेनॉल टाकीच्या तळाशी बसते. त्यात ऑइल नसते. इंजिन नेमके तेच ओढते आणि जाम होते.

म्हणून यंत्र ठेवण्यापूर्वी अर्धा तास द्या :

१. यंत्र गार झाल्यावर उघड्यावर टाकी रिकामी करा. विडी-काडी, चूल जवळ नको. मग इंजिन चालू करून आपोआप बंद पडू द्या, म्हणजे कार्बोरेटरही कोरडा होईल.

२. प्लग काढून त्या छिद्रात इंजिन ऑइलचे चार-पाच थेंब सोडा. दोरी दोन-तीनदा हळू ओढून प्लग परत बसवा.

३. एअर फिल्टरचा स्पंज साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा.

४. फवारणी पंपाची टाकी तीनदा धुवा. नळी व नोझलमधून स्वच्छ पाणी मारा, मग सारे पाणी काढून टाका.

५. पाते पुसून तेलाचा हात द्या.

६. ऑइल वेगळे भरावे लागणाऱ्या पॉवर विडरचे जुने ऑइल इंजिन कोमट असतानाच बदला.

यंत्र खताच्या गोण्यांशेजारी ठेवू नका, लोखंड गंजते. जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवा, वर कापड टाका. उंदीर फिल्टर कुरतडतात, तिकडेही लक्ष असू द्या.

आणि एक गोष्ट घरातील बायाबापड्यांनी अवश्य पाहावी. काढलेले पेट्रोल शीतपेयाच्या बाटलीत कधीही भरू देऊ नका. लेकरू सरबत समजून तोंडाला लावील. ते पेट्रोलच्याच डब्यात, घराबाहेर ठेवा व लवकर वापरून टाका.

पुढच्या मृगात ताजे पेट्रोल आणा, ऑइल यंत्राच्या पुस्तिकेप्रमाणे मोजून मिसळा. बैलाला आपण पावसाळ्यापुरताच चारा घालत नाही. यंत्रालाही बारमाही धनी लागतो.