आजीच्या गुलाबाची काडी

माझ्या परसातला गुलाब कुठल्या नर्सरीतून आलेला नाही. आजी लग्न होऊन वाईला आली, तेव्हा ट्रंकेत ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या चार काड्या होत्या. दोन जगल्या. त्यांतल्याच एकीची काडी पुढे आईने लावली आणि आईकडची मी. फूल फिकट गुलाबी, पाकळ्यांची गर्दी, आकार काहीसा विस्कटलेला. सकाळी देवाला वाहिलं की दुपारी पाकळ्या ताम्हनात. फुलदाणीच्या कामाचं नाहीच ते. पण गुलकंदाला दुसरं फूल आमच्या घरात चालत नाही.

घरात त्याला सगळे ‘गावठी’ म्हणतात. आता या शब्दाची गंमत बघा. आपल्याकडे गावठी म्हणून नांदणाऱ्या गुलाबांत ‘एडवर्ड’ हा जुना वाण मोठ्या मानाचा, आणि तो बूर्बाँ कुळातला. हे कूळ जन्मलं हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर. त्या बेटाचंच जुनं नाव बूर्बाँ. तिथे कुंपणाला दमास्क आणि चिनी असे दोन गुलाब शेजारी शेजारी लावत. त्यांचा संकर आपोआप झाला आणि १८१९च्या सुमारास त्याचं बी पॅरिसला पोचलं. वास दमास्कचा, पुन्हा पुन्हा फुलायची खोड चिनी गुलाबाची. १८६७ साली ‘ला फ्रान्स’ हा गुलाबाचा वाण आला, तिथून आधुनिक गुलाबांचं युग मोजतात. म्हणजे आमचाही एडवर्डच असेल, तर हा गावठी सातासमुद्रापारचा, आणि वयाने दुकानातल्या सगळ्या गुलाबांपेक्षा वडील!

बी पेरून हा गुलाब मिळत नाही. बियांतून निघणारं रोप आईसारखं नसतं. काडीतून मात्र तेच झाड पुढे चालतं. माझ्या दारात आहे ते आजीचंच झाड, फक्त जागा बदललेलं.

नर्सरीतला गुलाब बहुधा डोळा भरून केलेला असतो: खाली खुंट एका जातीचा, वर फूल दुसऱ्याचं. मीही एकदा हौसेने लालभडक कलम आणलं. दोन वर्षांत वरचा भाग वाळला आणि बुंध्यातून जोमदार फुटवे आले. मी खूश. फुलं आली ती फिकट गुलाबी! खुंट म्हणून आपल्याकडे एडवर्डही वापरतात, हे मला तेव्हा कळलं. काडीवर वाढलेल्या झाडाची अशी फसगत होत नाही. ते जमिनीपर्यंत वाळलं तरी मुळातून तेच पुन्हा उगवतं.

आजीची रीत अशी. पावसाळा सरला, छाटणी झाली की पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, वीतभर लांब, पक्क्या काड्या निवडायच्या. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली आणि तिरपा, वरचा सपाट. म्हणजे काडी उलटी लागत नाही. वरच्या कापाला शेणाचा ठिपका, काडी वाळू नये म्हणून. वरची एक-दोन पानं ठेवून बाकीची काढायची, दोन तृतीयांश काडी वाळूमिश्रित मातीत, कुंडी सावलीत. माती ओलसर हवी, चिखल नको. पंधरा दिवसांत कोंब दिसले तरी हुरळून जायचं नाही. कोंब काडीतल्या साठ्यावर येतात, मुळं मागून. महिना-दीड महिना काडी हलवूनही बघायची नाही. मी लहानपणी रोज उपटून बघायचो, आणि माझी एकही जगली नाही.

वाईचं मूळ झाड वाडा पाडला तेव्हा गेलं. माझ्या आधीच्या घरातलं वाळवीने खाल्लं. आज आहे ते मिरजेच्या मावशीकडून परत आलेलं, तिला आजीनेच पूर्वी काडी दिली होती म्हणून. जपून एकाच दारात ठेवलं असतं, तर माझ्यापर्यंत पोचलंच नसतं.

यंदाच्या छाटणीच्या सात काड्या लावल्या आहेत. दोन शेजारच्या काकूंना, एक भाचीला कबूल केली आहे. तुमच्याही घरी असा जुना गुलाब असेल, तर छाटलेल्या काड्या कचऱ्यात टाकू नका; दिवाळीच्या फराळाच्या डब्याबरोबर एखादी ओल्या फडक्यात गुंडाळून द्या.