रोज ७,२०० लिटरचा नाहक फेरा

शांत बसलेल्या मोठ्या माणसाचं हृदय मिनिटाला साधारण ५ लिटर रक्त ढकलतं. दिवसाचे झाले ७,२०० लिटर. अंगात मुळात रक्त असतं तेही ५ लिटरच्याच आसपास, म्हणजे तेच रक्त मिनिटागणिक एक फेरी मारून येतं.

आता या हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला दोनेक सेंटिमीटरचं भोक आहे असं धरा. डॉक्टर त्याला ‘एएसडी’ म्हणतात. फुप्फुसातून शुद्ध होऊन आलेलं रक्त शरीराकडे निघायच्या आधीच या भोकातून उजवीकडे सटकतं आणि परत फुप्फुसातच जातं. भोक मोठं असलं की फुप्फुसांकडे नेहमीच्या दुप्पट रक्त जाऊ लागतं. रोज ७,२०० लिटरचा नाहक फेरा! वर्षाला २६ लाख लिटरहून जास्त. उन्हाळ्यात गावात येणारा १० हजार लिटरचा टँकर डोळ्यांपुढे आणा. असे २६२ टँकर दरवर्षी हृदयाची उजवी बाजू विनाकारण उपसत असते.

आणि ज्याच्या छातीत हे चाललेलं असतं त्याला पत्ताही नसतो. एएसडी बायकांमध्ये जास्त आढळतो. जिना चढताना धाप लागते, ‘रक्त कमी असेल’ म्हणून गोळ्या सुरू होतात, आणि कितीतरी जणींना तिशी-चाळिशीत पहिल्यांदा इको (हृदयाची सोनोग्राफी) होतो तेव्हा खरं कारण कळतं. मला यातली सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट हीच वाटते.

६ मे १९५३ रोजी फिलाडेल्फियात जॉन गिबन यांनी १८ वर्षांच्या एका मुलीचं असंच छिद्र शिवलं. तिच्या हृदयाचं आणि फुप्फुसांचं काम २६ मिनिटं एका यंत्राने केलं. हार्ट-लंग मशीन वापरून यशस्वी झालेली ही पहिली शस्त्रक्रिया. पुढे बावीस वर्षांनी, १९७५ साली, न्यू ऑर्लिन्समध्ये किंग आणि मिल्स यांनी १७ वर्षांच्या मुलीचं छिद्र छाती न उघडता शिरेतून बुजवलं. पण त्यांची नळी होती जवळजवळ पावणेआठ मिलिमीटर जाड. लहान मुलाच्या शिरेत ती घालणार कशी? कुर्ट अॅम्प्लाट्झ यांचं नायटिनॉल जाळीचं डिव्हाइस १९९५ मध्ये माणसांत वापरलं गेलं आणि हा प्रश्न सुटत गेला. आज नळी असते २ ते ४ मिलिमीटरची, आणि तिच्यातून गेलेली जाळी ३० मिलिमीटरहून मोठं छिद्रही झाकते.

हे जमतं धातूच्या गुणामुळे. निकेल आणि टायटॅनियमचा हा मिश्रधातू ताणून बारीक केला तरी मोकळा होताच मूळ आकारात येतो. एक-दोन दशांश मिलिमीटर जाडीच्या तारांची ती वीण. कॅथलॅबमध्ये, म्हणजे नळी घालून हृदयावर उपचार करायच्या खोलीत, जांघेतल्या शिरेतून नळी वर सरकते, छिद्र ओलांडून डाव्या कप्प्यात पोचते. तिथे जाळीच्या दोन चकत्यांपैकी पहिली उघडते. डॉक्टर ती हलकेच मागे ओढून पडद्याला टेकवतात, मग उजवीकडची चकती उघडतात. पडदा दोन्ही चकत्यांच्या मधे धरला जातो. डिव्हाइसला नळीतून आलेली केबल अजून जोडलेलीच असते. ती पुढेमागे हलवून पकड तपासतात, इकोवर कडा न्याहाळतात. मनासारखं बसलं नसेल तर डिव्हाइस परत नळीत ओढून घेता येतं. खात्री पटली की केबलचा स्क्रू सोडतात. त्या क्षणापासून ती जाळी दिवसाला एक लाखावर ठोके सोसायला लागते. तीन ते सहा महिन्यांत शरीर तिच्यावर स्वतःचं अस्तर चढवतं.

प्रत्येक छिद्र असं बंद होत नाही. भोवती पुरेशी कड नसेल किंवा जागा वेगळी असेल तर शस्त्रक्रियाच लागते. उशीर मात्र दोन्हीकडे घातक. वर्षानुवर्षं जास्तीचं रक्त सोसून फुप्फुसांतला दाब फार वाढला, तर काही रुग्णांत छिद्र बंद करणंच धोक्याचं ठरतं.

वयाच्या दुसऱ्या टोकाला, अपुऱ्या दिवसांची, जेमतेम ७०० ग्रॅम वजनाची बाळं. हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या धमन्यांना जोडणारी गर्भातली नळी त्यांच्यात उघडीच राहते. ती बंद करायला अमेरिकेत २०१९ मध्ये एका डिव्हाइसला मंजुरी मिळाली. त्याची मधली जाडी ३ ते ५ मिलिमीटर!

जन्मणाऱ्या हजार बाळांपैकी सुमारे आठ बाळांच्या हृदयात काही ना काही दोष असतो. आपल्या देशात वर्षाला दोन कोटींहून जास्त बाळं जन्मतात. म्हणजे दरवर्षी दीड लाखाहून जास्त लेकरं. त्यांना शोधण्यासाठी २०१३ साली पालघरमधून सुरू झालेला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम अंगणवाडीत आणि शाळेत येऊन मुलं तपासतो, अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांचे उपचारही मोफत करतो. तपासणीच्या दिवशी मूल घरी ठेवू नका. डॉक्टरांनी ‘इको करून घ्या’ म्हटलं, तर मूल कितीही हसतं-खेळतं दिसलं तरी त्याच महिन्यात करून घ्या.