टर्बोचं तेल परत कसं येतं?

पालकहो, तुमचा मोठा मुलगा जुन्या गाडीला टर्बो बसवायच्या खटपटीत असेल, तर त्याला आधी बेसिनखालचा पाइप दाखवा. टर्बोत तेल जातं ते पंपाच्या दाबाने, म्हणून जाणारी नळी बारीक चालते. परत येतं ते मात्र फक्त गुरुत्वाकर्षणाने, तेही हवा मिसळून फेसाळलेलं. म्हणून परतीची नळी जाड हवी, आतून साधारण 16 मिमी, आणि खालच्या ऑइल चेंबरपर्यंत सतत उतरती. चेंबरमध्येही ती तेलाच्या पातळीच्या वर उघडली पाहिजे. नाहीतर तेल तुंबतं, सीलमधून एक्झॉस्टमध्ये शिरतं, निळा धूर येतो आणि लोक चांगला टर्बो बदलून बसतात!

रेडिएटरची रबरी नळी इथे लावू नये. गरम तेलाने ती फुगून मऊ पडते. तेलासाठीचीच घ्या, दोन्ही टोकांना क्लिप आवळा आणि एक्झॉस्टपासून लांब ठेवा. इंजिन हलतं, त्यामुळे ताणून बसवू नका. तापलेल्या एक्झॉस्टवर तेल गळलं तर आग लागू शकते, हे मुलाला स्पष्ट सांगा.

शिक्षक मित्रांनो, वर्गात नरसाळं, पारदर्शक नळी आणि गोडेतेल पुरे. नळीला मध्ये झोळ द्या. तेल कुठे साचतं ते मुलंच दाखवतील.