उजव्यासाठी डावी टाच

पहाटे साडेपाचला दौलतगंजातून निघायचं, बाडा मागे टाकायचा आणि उजाडता उजाडता मैदान गाठायचं, असा माझा गेले सहा महिने नेम आहे. दौलतराव शिंद्यांची छावणी 1810 मध्ये इथे ग्वाल्हेरात पडली आणि गावाचं नावच लष्कर झालं. त्या लष्करात जन्मून मी रिकिबीत पाय घातला तो चाळिशी उलटल्यावर.

साधी चाल जमली, दुडकीही बसली. अडलं ते कँटरला.

कँटर तीन ठोक्यांची. उजव्या लीडवर घोडा आधी मागचा डावा पाय टाकतो, मग मागचा उजवा आणि पुढचा डावा एकदम, शेवटी पुढचा उजवा. लगेच क्षणभर चारही पाय जमिनीपासून सुटतात. सगळ्यांत पुढे पडणारा तो पाय म्हणजे लीड. उजवीकडे वळताना उजवाच हवा. डावा लागला की घोड्याची पाठ ताठरते, वळण फाकतं आणि खोगिरावर गचके बसतात.

पंधरवडाभर कुमेत घोडी मला डावाच देत होती. कोणता पाय पडतोय ते बघायला मी दर वेळी वाकत होतो. शिकवणारे घोडदळातले निवृत्त रिसालदार. 1953 साली संस्थानी रिसाले एकत्र करून 61 कॅव्हलरी उभी राहिली, त्यात आमचे ग्वाल्हेर लान्सर्सही होते; म्हणून त्यांच्या शब्दाला इथे वेगळंच वजन. ते म्हणाले, "नीचे मत देखिए. आप झुकते हैं तो उसका कंधा दबता है." बरोबरच होतं. जो खांदा मोकळा सुटायला हवा, त्याच्यावरच मी भार टाकत होतो.

दुसरी चूक घाईची. कँटर येईना म्हणून मी दुडकी पळवत होतो. पळती दुडकी कँटरमध्ये उचललीच जात नाही. चुकीचा लीड लागला तर रेटायचं नाही, पुन्हा दुडकीवर यायचं.

मग एका सकाळी कोपऱ्यापाशी घोडी आत वळायला लागली. उजव्या लगामाला बोटं नुसती आवळली, तिच्या उजव्या डोळ्याची कड दिसेल एवढीच. उजवा पाय तंगापाशी, डावी टाच वीतभर मागे. उजव्यासाठी बोलायचं डाव्या टाचेनं, कारण झेप सुरू होते मागच्या डाव्या पायापासून. टाच टेकली. घोडीची पाठ खालून वर आली आणि माझी उजवी कंबर डाव्याच्या आधी पुढे सरकू लागली, दर ठोक्याला, झुल्यासारखी. नजर समोरच्या कडुलिंबावर होती.

"राइट लीड," मी न बघता म्हणालो.

"सही है."

नव्यानं शिकणाऱ्यांनी पहिले काही दिवस लीड कोणता ते रिंगणातल्या उस्तादांना ओरडून सांगू द्यावं. आपण मान वर ठेवावी.