काड्यापेटीतली भूमिती

सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी घ्या आणि तिचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करा. गूल खरवडलेल्या आगकाड्या त्यांत दोन्ही बाजूंनी खोचा. तीन काड्यांचा त्रिकोण आणि चार काड्यांचा चौकोन तयार होईल. आता दोन्ही हलकेच दाबा. चौकोन लगेच तिरका होतो, त्रिकोण मात्र आकार सोडत नाही. तीन बाजूंची लांबी ठरली की कोनही ठरून जातात. चौकोनात तसे होत नाही. रेल्वेचे पूल, विजेचे मनोरे आणि छपराची कैची यांत त्रिकोण का असतात, ते मुलांना इथे बोटांनी कळते.

मध्य प्रदेशात 1972 साली सुरू झालेल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात अशा प्रयोगांना मानाचे स्थान होते. त्या कामातून घडलेल्या अरविंद गुप्ता यांनी पुढे पुण्याच्या आयुका या खगोलविज्ञान संस्थेत टाकाऊ वस्तूंच्या खेळण्यांतून विज्ञान हजारो मुलांपर्यंत पोहोचवले.

खेळताना मूल आधी अंदाज बांधते, तो चुकला तर कारण शोधते आणि पुन्हा करून पाहते. हीच विज्ञानाची रीत आहे. म्हणून व्याख्या फळ्यावर लिहिण्याआधी वस्तू मुलांच्या हाती द्यावी.