खेळांत दांत निखळल्यास

सुटींत पेठांच्या बोळांतून विटी उडते, खडकीच्या मैदानावर हॉकीची काठी फिरते, शाळेच्या नळावर पाणी पितांना मागून धक्का बसतो. अशा वेळीं बहुधा वरच्या पुढील दांतांसच इजा होते. रक्त पाहून मंडळी घाबरतात. मुलाचें तोंड धुतात, आणि निखळलेला दांत मातींत तसाच राहूं देतात. आम्हांस सांगावयाचें तें हेंच कीं, तो दांत अद्याप निरुपयोगी झालेला नसतो. त्याच्या मुळावर जिवंत पेशींचें पातळ आवरण असतें. तें वाळलें म्हणजे दांत पुन्हां नीट जुळत नाहीं.

म्हणून दांत शोधावा व मुळास स्पर्श न करतां पांढऱ्या भागास धरून उचलावा. माती लागली असल्यास थंड पाण्याखालीं क्षणभर धरावा; घांसूं नये. मूल शुद्धीवर असल्यास तो त्याच्याच जागीं बसवून स्वच्छ रुमाल चावून धरण्यास सांगावें. हें न जमल्यास दांत दुधांत ठेवावा, पाण्यांत नव्हे. आणि तासाच्या आंत दंतवैद्य, अथवा धनकवडीचें भारती विद्यापीठाचें किंवा कँपांतील रंगूनवाला दंत महाविद्यालय गांठावें.

दुधाचा दांत मात्र परत बसवूं नये. हिरडींत वाढणाऱ्या कायमच्या दांतास त्यानें अपाय होतो. पुढील कायमचे दांत ६ ते ९ या वयांत येतात, हें पालकांनीं ध्यानांत ठेवावें.

विद्यार्थ्यांनीं हॉकी खेळतांना दंतरक्षक घालावें, विटी मारणाऱ्यापासून दूर उभें राहावें, व नळावर रांग धरावी. देवानें कायमचे दांत एकदांच दिले आहेत, आपल्या सोबत्याचेही.